चार घरं मागे

अनुजा मॅडमनी सोंगटी सत्ताविसाव्या घरावर ठेवली आणि तिच्यावरचं बोट उचललंच नाही.

"हे तू काढलंस?"

"हो." शांभवी टेबलाच्या कडेला उभी होती. कोल्हापूरच्या या कंपनीत मुलांसाठी शैक्षणिक पटखेळ बनत, आणि तिची इंटर्नशिप संपायला आठच दिवस उरले होते. 'चला, जिल्हा फिरू' हा सगळा पट तिने रंगवला होता. जोतिबाच्या घरात गुलाल, राधानगरीच्या घरात धरण आणि गवा, अन् सत्ताविसाव्यात तिचं स्वतःचं गाव, चांदीकामाची हुपरी. दोन वेण्यांची मुलगी मांडीवर पैंजण घेऊन घुंगरू जोडत बसली होती. खाली ओळ होती : आईला मदत केली, दोन घरं पुढे.

"दहा-अकरा वर्षांची पोर दिसते ही," मॅडम म्हणाल्या. तीस वर्षं शाळेत शिकवून त्या इथे आल्या होत्या. "खेळ शाळाशाळांत जाणार. पोरांना कामाला बसवा, हे आपणच शिकवायचं?"

त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिलं आणि ती आधीच्या ओळीवर चिकटवली : कामात शाळा बुडाली, चार घरं मागे.

"मॅडम, आमच्या घरी हेच काम चालतं. तसं नसतं ते. माझी धाकटी बहीण हौसेनं करते. शाळेलाही जाते."

"रोज?"

"रोज."

सोमवार होता. सकाळच्या पूजेनंतर शांभवीच्या पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं. उपासाच्या तोंडाने ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती. तिने पदर असल्यासारखी ओढणी सावरली.

मॅडम तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "नमुना घरी ने. खेळून बघ. उद्या सकाळी फाईल छापायला जाणार. डब्यावर नाव तुझं येणार आहे, तेव्हा पुढे की मागे, ते तूच ठरव."

हुपरीत एसटीतून उतरली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिची आई, अव्वा, आणि धाकटी भूमिका दारातल्या उजेडाला बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये घुंगरांची परडी.

"आणलास व्हय गं अक्का खेळ?" भूमिकाने चिमटा खाली टाकला. "दिसभर चित्रंच काढतीस तिथं? आणि त्याला काम म्हणत्यात?"

"शिकायला ठेवलंय मला."

"अजून शिकून झालं न्हाय व्हय?" अव्वा म्हणाली. तिचे हात चालूच होते.

पट मांडला. भूमिका खेळायला लागली की दान लपवायची, घरं गाळायची, हरली की रुसायची. शांभवीची सोंगटी एक्केचाळीसवर गेली तेव्हा भूमिका मागून दान टाकत टाकत सत्ताविसाव्यावर आली.

"अव्वा, बघ की! ही मीच!" ती पटावर वाकली. "दोन येण्या, पिवळा फ्रॉक. पर अक्का, चिमटा असा कोण धरतंय गं? असा धरला तर घुंगरू उडून शेजारच्यांच्या दारात जाईल की!"

ती खदखदून हसली. अव्वाही वाकून बघून हसली.

शांभवीने चित्राकडे पाहिलं. कपाळाची भस्माची रेघ, फ्रॉकचा उसवलेला खिसा, सगळं तिला पाठ होतं. चिमटा धरलेले हात मात्र तिने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधून घेतले होते. या घरात तिची जागा भिंतीकडे तोंड करून होती. पाठीमागे घुंगरं वाजत आणि पुढ्यात पुस्तक. कधी तिने परडीकडे हात नेलाच तर अव्वा म्हणायची, "तू वाच."

भूमिका आता चिठ्ठी वाचत होती. तिचं हसू थांबलं. मग तिने काही न भांडता आपली सोंगटी उचलली आणि एकेक घर मोजत चार घरं मागे नेली.

"खरंच हाय की," ती म्हणाली. "ह्या म्हयन्यात सात दीस बुडली."

"सात?"

"दसऱ्याची ऑर्डर हाय," अव्वा म्हणाली. "तू कॉलेजात हुतीस तवा बी बुडायचीच. तवा कवा इचारलं न्हाईस ते?"

तिच्या आवाजात राग नव्हता. शांभवी राग शोधत होती.

"टाक की अक्का, तुझा डाव हाय."

शांभवीने दान टाकलं नाही. तिने नखाने चिठ्ठी उचकटली. खाली तिची स्वतःची ओळ तशीच होती, सुबक अक्षरातली. तीही तिने खोडली. पेन्सिल घेऊन वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. भूमिका बोट ठेवून वाचू लागली.

"इथे आलेला खेळाडू जागीच राहील. सगळ्यांत पुढे जो असेल, त्याने चार घरं मागे यायचं." तिने वर पाहिलं. "असला कुठं नियम असतोय व्हय? त्यानं काय केलंय?"

शांभवीने पेन्सिलीचं टोक आपल्याच सोंगटीला लावलं.

भूमिकाने आपली सोंगटी परत सत्ताविसाव्यावर आणली. मग अक्काची उचलली, एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मोजू लागली. चाळीस. एकोणचाळीस. अडतीस. तिथेच तिने सोंगटी टेकवली.

"ऱ्हाऊ दे अक्का. तीन बास."

अव्वाने पैंजणावरची नजर उचलली नाही.

"चार लिवलंय न्हवं तिनं," ती म्हणाली.