सव्वीस काड्या

तिसाव्या पिशवीवरची प्लॅस्टिकची टोपी कलमवाल्यानं काढली आणि आतली काडीसुद्धा काळीच निघाली. बोटानं जरा हलवली तर सुटून हातात आली. खाली मुळाच्या रोपांचे तीस खुंट, वर बसवलेल्या तीस काड्या, आणि एकीलाही फुटवा नाही. पंचवीस वर्षं हा माणूस कलमं बांधत होता. शंभरातली दहा गेली तरी त्याला घास गोड लागायचा नाही. आणि आता सलग दुसऱ्या खेपेला सगळीच्या सगळी वाया गेली होती.

त्यानं काडीचं टोक उन्हात धरून बघितलं. काडीला तासून पाचर करतात ती दोन्ही अंगांनी एकसारखी हवी, गुळगुळीत हवी, खुंटाच्या चिरेत बसवली की मध्ये वारा शिरता कामा नये. ही पाचर उंदरानं कुरतडल्यासारखी होती.

"माझ्याच हातची आहे ही," तो स्वतःशीच म्हणाला आणि खांद्यावरच्या टॉवेलानं डोळे पुसले.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो रडत नव्हता. सहा महिने हेच चाललं होतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, आग व्हायची, आणि काम मांडून बसलं की थोड्या वेळात धार लागायची. त्यात यंदाचा कोरडा वारा. सकाळपासून माळावरची तांबडी धूळ उचलायचा आणि संध्याकाळपर्यंत माणसांच्या तोंडावर आणून टाकायचा. चाकू हातात, काडी हातात, आणि मध्ये पाण्याचा पडदा. कापायचं कुठं तेच दिसायचं नाही.

बायको जाऊन नऊ महिने झाले होते. त्यामुळे गावानं सरळ अर्थ लावला होता. कलमवाला रस्त्यानं निघाला की माणसं त्याच्या डोळ्यांकडे बघायची, हळूच मान खाली घालायची आणि बाजूला व्हायची. बिचारा अजून रडतोय, म्हणायची.

वाया गेलेली कलमं गिऱ्हाइकांची होती; खरा जीव टांगणीला लागला होता तो विहिरीजवळच्या पेरूपायी. धुण्याच्या दगडाशी आपोआप उगवलेलं ते रोप. त्यानं उपटायला हात घातला तेव्हा बायको म्हणाली होती, "राहू द्या. एक फळ खाऊ, मग मारा." फळ निघालं आतून गुलाबी, गोड, आणि बिया बोटांवर मोजाव्यात एवढ्या. त्या वर्षीच ती मागे लागली होती, दोन तरी कलमं बांधून ठेवा म्हणून. पण ह्याचा नियम होता, नव्या झाडाचे तीन बहार बघितल्याशिवाय त्याची काडी घ्यायची नाही. एका बहाराला भुलून कलमवाले तोंडावर पडलेले त्यानं पाहिले होते. तिसरा बहार आला तेव्हा बायको नव्हती, आणि त्या बहारातच झाडाला मर लागली.

पेरूची मर म्हणजे औषध नसलेलं दुखणं. एकेक फांदी सुकत सुकत झाड जातं. बी पेरलं तर तसंच फळ येईल याचा भरवसा नाही. त्या पेरूचं एकही कलम जगात कुठं नव्हतं. आता उगवतीकडची एकच फांदी हिरवी उरली होती. तीन गावं पलीकडच्या दुसऱ्या कलमवाल्याला निरोप धाडला, तर तो म्हणाला, हातातलं काम टाकून आठ दिवस तरी येता येणार नाही. झाड आठ दिवस थांबणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कलमवाला बाजारगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीण त्याच्या मुलीच्या वयाची. तिनं आधी बधिर करणारा थेंब घातला, मग खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून त्याला पाच मिनिटं गप्प बसवलं. पट्टी काढून बघितली.

"काका, डोळे कोरडे पडलेत."

"कुणाचे?"

"तुमचेच."

"बाई, हा टॉवेल पिळा, पेलाभर पाणी निघेल. आणि कोरडे म्हणता?"

"ते पाणी बिनकामाचं, काका. डोळ्याला ओलं ठेवतं त्या पाण्यावर तेलाचा पातळ थर असतो. तुमच्या पापण्यांच्या कडेची तेलाची भोकं बुजलीत. डोळा वाळतो, वाळला की चुरचुरतो, मग आतून घाबऱ्याघाबऱ्या नुसतं पाणी सोडलं जातं. ते गालावर वाहून जातं. डोळा आपला कोरडाच."

मग तिनं त्याच्या हातात सुईदोरा दिला आणि घड्याळाकडे बघत बसली. त्याला वाटलं, आता ही आपल्याकडून गाऊन शिवून घेते की काय. त्यानं दोरा ओवला तोवर डोळे भरून आले.

"एका मिनिटात दोनदा पापणी लवली," ती म्हणाली. "तीही अर्धवट. मघाशी माझ्याशी बोलत होतात तेव्हा पंधरा-वीस वेळा लवत होती. कामाला बसल्यावर बोलता का कुणाशी?"

"आता कुणाशी बोलणार? आधी बायको समोर बसायची. मी काडी बसवायचो, ती वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. तोंड सारखं चालू. बोलायची म्हणजे भांडायचीच. मी मान वर करून उत्तर द्यायचो, परत खाली बघायचो."

"आणि आता?"

"आता मान खालीच."

डॉक्टरिणीनं चिठ्ठी लिहिली. थेंब दिवसातून सहा वेळा, गरम फडक्याचा शेक सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, आणि पापणी पूर्ण मिटायची. "आणि काका, समोर बोलणारं माणूस बघा एखादं. थट्टा नाही करत मी."

"किती दिवसांत उतार पडेल?"

"महिना तरी लागेल."

"झाडाकडे चार दिवस आहेत."

"झाडाचं मला नाही कळत," ती म्हणाली. ते मात्र खरं होतं.

घरी येऊन त्यानं सगळं केलं. थेंब घातले. फडकं गरम पाण्यात बुडवून, पिळून डोळ्यांवर धरलं. तेवढी दहा मिनिटं बरं वाटलं, कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं. मग बाभळीच्या काड्यांवर हात चालवून बघायला बसला. एकटाच बोलायला लागला. "हा बघ, हा असा तिरका काप. काय? नाही जमला? नाहीच जमला." पण समोरून उत्तर येत नाही म्हटल्यावर पाच मिनिटांत बोलणं आटलं आणि डोळ्यांत पुन्हा वाळू.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाव्याकडे गेला. हा न्हावी म्हणजे गावातली वाहती मोरी. वस्तरा हातात घेतला की कुणाच्या सुनेपासून कुणाच्या म्हशीपर्यंत कुणाला सोडायचा नाही. कलमवाला खुर्चीत बसला आणि म्हणाला, "सांग काहीतरी."

न्हाव्यानं त्याचे डोळे बघितले. वस्तरा अगदी अलगद फिरवला. सगळी दाढी झाली तरी तोंडातून शब्द नाही. शेवटी पैसे द्यायला गेला तर न्हाव्यानं त्याचा हात दाबला आणि म्हणाला, "राहू द्या. देव तुम्हाला बळ देवो."

"अरे, मला बळ नको, गप्पा हव्यात," कलमवाला म्हणाला.

न्हाव्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तोंड फिरवलं आणि वस्तरा पुसत बसला.

कलमवाला बाहेर ओट्यावर उभा राहिला. अख्ख्या गावात त्याचे डोळे बघून गप्प न बसणारं एकच माणूस होतं. ती त्याची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण, गावात पिठाची गिरणी चालवणारी. ती नऊ महिने त्याच्याशी बोलली नव्हती. पण ते दयेपोटी नव्हे, रागापोटी. झाडाची फांदी तो सकाळीच बघून आला होता. शेंड्याची पानं लोंबायला लागली होती.

गिरणी चालू होती. मेहुणी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. आयुष्यभर गिरणीच्या आवाजावर आवाज काढून तिचं साधं बोलणंही चार घरांत ऐकू जायचं. त्याला बघून तिनं पट्टा बंद केला नाही.

"दाजी, रडायला आला असाल तर दुसरं दार बघा. माझं दळण पडलंय."

"रडत नाही मी. डोळे कोरडे आहेत माझे."

"ते मला ठाऊकच आहे," ती म्हणाली. "जाळून आला त्या दिवशीही कोरडेच होते."

तो ते गिळून उभा राहिला. मग पेरूचं सांगितलं, फांदीचं सांगितलं, डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितलं. गिरणीच्या आवाजात ओरडून सांगायला लागलं, त्यामुळे वाटेवरच्या लोकांनाही कळलं.

"म्हणजे मी तिथं बसून बडबड करायची?"

"आणि पट्ट्या बांधायच्या. तुला येतात. ताईनं शिकवल्या होत्या."

तिनं पट्टा उतरवला. गिरणी थांबली तशी एकदम शांतता झाली. "तुमच्यासाठी नाही येत," ती म्हणाली. "तिच्या पेरूसाठी येतेय. ध्यानात ठेवा."

फांदीवरून सव्वीस काड्या निघाल्या. विहिरीजवळच्या छपराच्या वाऱ्याकडच्या बाजूला त्यानं ओली पोती टांगली, डोळ्यांत थेंब घातले, आणि दोघं खुंटांच्या पिशव्या मध्ये घेऊन समोरासमोर बसले.

"चाकू केवढा धरलाय हा? कोंबडी कापायचीय का?"

"हाच लागतो."

"आणि सदरा बघा. बटण कुठलं कुठं. ताई असती तर दारातून आत घेतलं नसतं."

"तिनंच सांगितलं होतं, बटणांकडे बघू नका, हाताकडे बघा."

"हाताकडे बघूनच पसंत केलं होतं तिनं. तोंडाकडे बघितलं असतं तर वाचली असती."

तो मान वर करून हसला, पापण्या मिटल्या, उघडल्या. खाली बघितलं तर काडी स्वच्छ दिसत होती, सालीवरच्या रेषेसकट. चाकू सरकला. पाचर निघाली. त्यानं खुंटाला चीर दिली, पाचर बसवली, तिनं पट्टी आवळली, टोपी घातली. पहिलं झालं. मग दुसरं. दहा कलमं बांधून होईस्तोवर ती बोलत होती आणि तो उत्तरं देत होता. बाहेर वारा पोत्यांवर आपटत होता.

अकराव्या खुंटाला त्यानं चीर दिली, तेव्हा तिनं आवाज न चढवता विचारलं, "दाजी, त्या दिवशी ताईच्या छातीत सकाळीच दुखायला लागलं होतं. शेजारीण म्हणाली मला. मग गाडी दुपारी कशी बोलावली तुम्ही?"

"थांब. चीर उघडी आहे, काडी बसवू दे आधी."

त्यानं पाचर बसवली. तिनं पट्टी हातात घेतली नाही.

"हेच," ती म्हणाली. "त्या दिवशीही हेच केलं ना?"

त्यानं स्वतःच पट्टी उचलली आणि गुंडाळली. गाठ मारून झाल्यावर बोलला.

"हेच केलं. गिऱ्हाइकाच्या एक्केचाळीस काड्या ओल्या फडक्यात होत्या. दुखतंय म्हणाली, तेव्हा मी उठलो होतो. ती म्हणाली, बसा, काड्या वाळतील, एवढी पेंडी संपवू मग जाऊ. मी बसलो. तिनं एक्केचाळीस पट्ट्या बांधल्या. एकही सैल नाही. उठायला गेली आणि तिथंच कलंडली. मग गाडी बोलावली."

"तुम्हाला कळलं नाही?"

"मी खाली बघत होतो. ती बोलायची थांबली होती, तेसुद्धा उशिरा ध्यानात आलं."

मेहुणीनं पट्ट्यांचा गठ्ठा स्वतःकडे ओढला.

"त्या एक्केचाळिसांतली एकही मेली नाही," तो म्हणाला. "सगळी लागली. गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन गेलं."

त्यानंतर छपरात कुणी बोललं नाही. त्यानं बारावी काडी घेतली. तासताना डोळे चुरचुरायला लागले. तेरावीला पाणी आलं. चौदावीची पाचर वाकडी गेली, काडी मधूनच चिरली. ती त्यानं बाजूला टाकली आणि पुढची फडक्यातून काढायला हात घातला, तर फडकंच नीट दिसेना.

"बोल," तो म्हणाला.

"काय बोलू? तोंडात नुसत्या शिव्या येतायत."

"मग त्याच दे. पण गप्प बसू नको. अजून बारा काड्या आहेत."

तिनं पट्टी दातांत धरून तोडली आणि सुरुवात केली. आधी आवाज फुटत नव्हता, मग गिरणीतला आवाज लागला. त्याच्या आळसाला, त्याच्या नियमांना, त्याच्या खाली घातलेल्या मुंडीला, त्याच्या चाकूला. दर शिवीला तो मान वर करायचा, ती तोंडावर घ्यायचा, डोळे पूर्ण मिटून उघडायचा, आणि खाली बघून काडी तासायचा. तिच्या गालांवरच्या पिठात ओघळ पडले होते, पण हात थांबले नव्हते. विहिरीवर आलेल्या बायका कळशा तशाच ठेवून छपराकडे बघत उभ्या राहिल्या.

त्या दिवशी बांधलेल्या पंचविसांतली अकरा कलमं फुटली, पण ते महिन्याभरानं कळायचं होतं. त्या दुपारी एवढंच दिसत होतं की शेवटची काडी खुंटात बसली तेव्हा मेहुणी शिव्या देत देत त्याच्या आज्यापर्यंत पोहोचली होती.

"पट्टी जरा घट्ट ओढ," तो म्हणाला.

"ओढतेय, मेल्या," ती म्हणाली, आणि ओढली.