गालाचा शेवटचा थर

चित्रकलेच्या बाई चहा टाकायला आत वळल्या तशी त्याने खिशातून बाटली काढली आणि पॅलेटवरच्या फिक्या गुलाबी रंगात लवंगेच्या तेलाचे दोन थेंब सोडले. सुरीने पटपट कालवले. बाटली परत खिशात.

समोर कॅनव्हासवर म्हातारी. मूळची युरोपातल्या जुन्या, बरोक काळातल्या कुणा उस्तादाने रंगवलेली. शेजारी टाचलेल्या छापील चित्रात तिच्या एका गालावर उजेड होता आणि बाकी सगळा काळोख. त्याची म्हातारी ही तिची नक्कल. टोपी झाली, कपाळ झालं, नाकाचा तो हट्टी उंचवटाही झाला. उरला होता गालावरचा शेवटचा पातळ थर, आणि तो काही केल्या वाळत नव्हता.

वाळेल कसा? लवंगेचं तेल रंगाला ओलं ठेवतं. हे बाईंनीच कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं.

बाईंचा नियम साधा. माणशी एकच नक्कल. शेवटचा थर वाळला की शिकवणी संपली. घरी जायचं आणि आपलं कुणीतरी समोर बसवून रंगवायचं. बाकीचे तसे एकेक करून गेले. कॅनव्हास ठेवायची त्यांची रिकामी इझलं भिंतीला टेकून उभी होती.

आपलं कुणीतरी.

जन्मभर त्याने लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासल्या. घरी, बायको गेल्यापासून, समोरच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे बसत.

मुलीचा फोन आला, नेहमीसारखा घाईतला.

"बाबा, अजून त्या म्हातारीचं नाकच चाललंय?"

"नाक झालं. आता गाल."

"अहो, इतक्या दिवसांत ती तरुण झाली असती! बरं, ठेवते हं, मीटिंग आहे."

"जेवलीस का?" त्याने विचारलं. तोवर फोन बंद झाला होता.

पुढच्या रविवारी बाई त्याच्या मागे येऊन थांबल्या. त्यांनी नाक जरा वर केलं.

"चष्मेवाले, दात दुखतोय का?"

"अं? हो. थोडा."

"कुठला?"

त्याने डावा गाल धरला.

"लवंगेचा वास तर गेले तीन रविवार येतोय. मागच्या खेपेला मात्र उजवा धरला होतात."

त्याचे कान तापले.  बाई चहाचा कप त्याच्या हाताशी ठेवून खिडकीपाशी गेल्या आणि रस्त्याकडे बघत बसल्या.

त्या दिवशी त्याने साधाच रंग लावला. बाटली घरी नेऊन कपाटात अगदी मागे सारली. चोरी ती चोरी. म्हातारपणी शोभत नाही.

पुढचा रविवार पावसामुळे हुकला. त्यानंतरच्या रविवारी तो आला तेव्हा काखेत जुनी वर्तमानपत्रं आणि सुतळी होती, चित्र बांधून न्यायला. गालाकडे त्याने लांबूनच पाहिलं. ओल्या रंगाची चकाकी गेली होती.

"सुतळी कशाला आणलीत?" बाई म्हणाल्या.

"वाळलं असेल आता."

"ते मी ठरवते."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, करंगळी म्हातारीच्या गालावर टेकवली, दाबली, उचलली. दोघांनीही करंगळीकडे पाहिलं. ती कोरडी होती. रंगाचा ठिपकाही नव्हता.

"ओला आहे हो अजून," बाई म्हणाल्या. मग कमरेचं फडकं काढून त्यांनी ती करंगळी पुसली, नखाच्या कडेपर्यंत, नीट.