कापसाखालचा राउटर

भागवतच्या घरात शिरायचं म्हणजे दारातून अंग तिरकं करावं लागत होतं. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता. मागच्या साली उशिरा भाव चढला, म्हणून यंदा रोहिणखेडात ज्याच्या-त्याच्या घरी माल दाबून ठेवलेला. आणि कापूस भरलेल्या घराला कुलूप लावून जाता येत नाही. ठिणगीची भीती, चोराची भीती. भागवत आणि कलाबाई शेतात जात, राखणीला त्यांची मुलगी सुचिता. बारावीतली पोर, पण दोन महिने कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. कापसातल्या किड्यांनी हातांवर चट्टे उठलेले, आणि त्याच हातांत मामानं दिलेल्या जुन्या गेमिंग कन्सोलचा कंट्रोलर.

"गुरुजी, नेट तुटून राह्यलं," ती म्हणाली. त्यासाठीच तिनं मला बोलावलं होतं. "रविवारी चार वाजता चाचणी हाय. नागपूरच्या टीमले पाच जन पाह्यजेत. एक तास ऑनलाइन खेळायचं. मंधात एकदा बी तुटलं का बाद."

निवड झाली तर नागपुरात राहायचं, तिथंच कॉलेज, तिथंच सराव. ती सांगत होती टीमबद्दल, पण जोर सगळा 'नागपूर' या शब्दावर होता.

"खेळात नाव काय तुझं?"

"गुलाबीअळी."

"काऊन गं?"

"बीटी बियानं लावा, फवारा, काई बी करा. मरत नाई."

मधल्या खोलीतून भागवत ओरडला, "हसू नका गुरुजी! खऱ्या अळीनं निम्मी बोंडं खाल्ली, आन हे माहा जीव खाऊन राह्यली."

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मुलाच्या हातातलं यंत्र आपण घ्यायचं नाही, ही सवय काही सुटली नाही.

"नेट तुटतं म्हणजे काय तुटतं?" मी विचारलं.

"सगळंच."

"सगळंच कधी तुटत नसतं. खांबावरून घरात तार येते, ती राउटरला लागते, राउटर हवेतून कन्सोलला पोचवतो. यातलं कोण दगा देतं ते शोध. आता खेळ. तुटलं की आधी घड्याळ पाहा, मग मोबाइलवर वायफायचं नाव दिसतं का ते पाहा."

ती खेळायला बसली. मी पोत्यावर टेकलो. खोलीची एकुलती खिडकी कापसाआड गेलेली. नाकात तंतू जाऊन शिंका येत होत्या, पण पाय लांब करायलाही जागा नव्हती. बाविसाव्या मिनिटाला पडद्यावरचं चित्र थिजलं.

"नावच गायब झालं, गुरुजी!"

दोन मिनिटांनी नाव परत आलं. पुढच्या वेळी अठराव्या मिनिटाला गेलं, त्यानंतर चौदाव्या.

"मंग तार चांगली हाय," ती सावकाश म्हणाली. "तार तुटली असती तर नेट गेलं असतं, नाव राह्यलं असतं. डबाच बंद पडते. आन दरखेपी लवकर पडते..." ती थांबली. "तापते का तो?"

"कुठंय तो डबा?"

तिनं ढिगाकडे बोट केलं. "पार कोपऱ्यात. भिंतीले. खाली."

"म्या चांगला बांधून ठेवला ना," दारात उभी कलाबाई कौतुकानं म्हणाली. "रुई घुसू नाई म्हनून दोन कॅरीबॅग, आन वरून जुनं ब्लाउजपीस, घट्ट."

सुचितानं कपाळावर हात मारला.

"कापसाले हात नाई लावायचा," भागवत म्हणाला. "उपसला का माती लागते, मालाची शान जाते."

"भागवत, पिशवीत कोंडलेला तापता डबा आहे. कापसाखाली."

त्याचा चेहरा उतरला. तो स्वतःच दोन्ही हातांनी कापूस ओढू लागला. बोगदा झाला तशी सुचिता पोटावर सरपटत आत गेली. बाहेर फक्त तिच्या टाचा दिसत होत्या.

"माय वं! चटका बसला!"

पिशव्या निघाल्या, वितळत आलेल्या. डबा मात्र बाहेर येईना, तार अपुरी. नवी तार टाकणारा माणूस मोताळ्याहून रविवार उलटल्यावर, बुधवारी येणार होता. मग डबा भिंतीच्या खिळ्याला उघडा टांगला आणि भोवतीचा कापूस ढासळू नये म्हणून खाट आडवी उभी केली.

रविवारी चारला चाचणी सुरू झाली. खाट सरकू लागली म्हणून भागवत तिला पाठ लावून बसला. डोक्यावर, मिशांवर कापूस. बाविसावं मिनिट गेलं. चाळिसावं गेलं. कलाबाईनं पदर तोंडात धरला होता. तास भरला, चित्र एकदाही थिजलं नाही.

साडेपाचला मोबाइलवर मेसेज आला. निवड झाली होती. पाच तारखेला हजर व्हायचं. येणार की नाही, सहापर्यंत कळवायचं.

"कापूस गेल्यावर जाय," भागवत म्हणाला. "घर कोन राखन?"

"मी बसत जाईन," मी म्हणालो.

"नाई गुरुजी. गाव म्हनन, भागवतनं मास्तरले राखनीले बसवलं."

"बाबा," सुचितानं विचारलं, "पाच तारखेपर्यंत भाव चढन का?"

भागवतनं मिशीवरचा कापूस झटकला. कलाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. सुचिताचा अंगठा मोबाइलवर फिरला आणि तिनं पडदा त्याच्यासमोर धरला.

"म्या हो लिहिलं."

तो अजून खाटेला पाठ लावूनच होता, उठू शकत नव्हता. पाठ काढली असती तर ढीग अंगावर आला असता.  मग तिच्याकडे न पाहता म्हणाला,

"आंघोयीले गरम पानी तरी देतीन का तिथं?"