नोंदीत नसलेला निरोप

निवृत्त होऊन मैनुद्दीन शेख विश्रांतवाडीला राहायला आले, तरी फोन वाजला की हातातला घास टाकून उठायचे. त्यांची बायको जुबेदाबी म्हणायच्या, "अहो, नोकरी संपली तुमची."

ईशान्येकडच्या एका डोंगरी जिल्ह्यात ते शस्त्रसंधीच्या कचेरीत कारकून होते. सरकार आणि बंडखोर यांच्यातला समझोता एका साध्या नियमावर उभा होता. बंडखोरांची माणसं तळाबाहेर पडणार असतील, तर त्यांनी आधी कळवायचं आणि कचेरीने ते लष्करी चौकीला सांगायचं. बंडखोरांच्या बाजूने कळवायचं काम थांगबोईकडे होतं. एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. चौघं जण एका आजारी माणसाला डोलीत घालून दवाखान्यात नेणार होते, हत्यारं न घेता. मैनुद्दीननी लिहून घेतलं. पण साहेबांच्या सहीशिवाय चौकीला निरोप जात नसे आणि साहेब बाहेर गेले होते. मैनुद्दीन वाट पाहत बसले. साहेब आले तोवर चौकीवरून गोळ्या सुटल्या होत्या. पाचही जण गेले.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत दोष सरकारवर येऊन बोलणी मोडायच्या बेतात होती. तेव्हा थांगबोई उभा राहिला आणि म्हणाला, कळवायचं माझ्याकडूनच राहिलं. मैनुद्दीननी मान खाली घालून इतिवृत्तात लिहिलं, 'निरोप आला नव्हता.' शस्त्रसंधी टिकला. आठवड्याने थांगबोईला त्याच्याच माणसांनी घरातून नेलं. तो परतला नाही.

बारा वर्षांनी त्याची मुलगी दारात आली. ती हडपसरला नर्स होती. जुन्या कचेरीतल्या कोणाकडून तरी तिने पत्ता मिळवला होता. तिने हिंदीत विचारलं, "बाबांनी फोन केला होता का?"

जुबेदाबी चहा घेऊन उंबऱ्यातच थांबल्या. मैनुद्दीननी त्यांनाही हे कधी सांगितलं नव्हतं. शस्त्रसंधी अजून चालू होता. हे बाहेर पडलं तर तिकडे पुन्हा पेटेल, हे मैनुद्दीनना कळत होतं.

"केला होता, बेटी. मीच घेतला होता."

"लिहून द्याल?"

त्यांनी लिहून दिलं, खाली सही केली. "आईला दाखवीन," मुलगी म्हणाली. "पुढे आई काय करेल ते मला सांगता यायचं नाही."

तेव्हापासून मैनुद्दीन रोज सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसतात. सगळे पेपर चाळून त्या जिल्ह्याचं नाव शोधतात. ते कुठेच नसतं. मग ते पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करतात.