भाजलेली माती

१९५५ साली माझं लग्न झालं आणि मी चिमूरकडून कुरखेड्याजवळच्या या गावी आले. त्याच वर्षी माझे सासरे सोमाजी, ज्यांना मी मामाजी म्हणायची, यांनी घरामागच्या म्हाताऱ्या आंब्याच्या कोयी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावायचं ठरवलं. मामाजींच्या हाताला गुण आहे, असं सारं गाव मानायचं. कोणाच्या वाडीत पहिलं झाड लावायचं असलं की त्यांनाच बोलावणं यायचं. त्या दिवशी ते ताठ चालत.

नव्या खड्ड्यात जुन्या झाडाखालची माती घालायची, हा त्यांचा नेम. माती आणली माझ्या यजमानांनी, दसरूंनी. त्यांना तिच्यात पांढरे तंतू दिसले.

"बुरशी हाय. कोयी सडवन," ते मला म्हणाले, आणि बापाला न सांगता सगळी माती पत्र्यावर भाजून काढली.

शेवटच्या खड्ड्याला ती कमी पडली. मामाजी स्वतः उठून झाडाखालची कच्ची माती घेऊन आले. त्या खड्ड्यात कोय मी ठेवली.

रोपं सगळीच उगवली. भादव्यात पाऊस गेला तो परत आला नाही. मी सगळ्यांना सारखंच पाणी घालत होते, तरी एकेक रोप वाळत गेलं. शेवटचं तेवढं हिरवं राहिलं.

शेजारचे लटारूभाऊ धुऱ्यावरून हसले, "काऊन सोमाजी, हात म्हातारा झाला का तुहा?"

मामाजीही हसले. पण पुढचं बोलावणं आलं तेव्हा खाटेवरून उठले नाहीत. "माह्या सुनेले न्या. जगलं ते तिच्या हातचं हाय."

यजमानांना ते ऐकवलं नाही. "बा, माती मी भाजली होती. तुह्या हाताचा दोष नाई."

"लेका, मले समजवाले खोटं कायले बोलतं?"

"खरंच सांगतो, बा."

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

यजमान खाली पाहत राहिले. पोरगा आपली समजूतच काढतो आहे, असं मामाजींनी धरलं आणि कूस बदलली.

लोक मला नेऊ लागले. मी जायची, झाड लावायची. मी मानाचा नारळ घेऊन घरी आले की यजमान उठून गोठ्यात जात.

उतारवयात मी अक्षरं शिकले. शेतीच्या एका पुस्तिकेत वाचलं, की काही बुरशी झाडाच्या मुळांतच राहते. मूळ पोचत नाही तिथवर तिचे तंतू जातात आणि ताणाच्या दिवसांत झाडाला ओल पुरवतात. माती तापवली की ती मरते. मी ते यजमानांना वाचून दाखवलं.

त्यांनी पुस्तिका हातात घेतली, परत दिली. मग म्हणाले, "हे बाले वाचून दाखवाले पायजे होतं."

धुऱ्यावरच्या त्या आंब्याची कैरी त्यांनी कधी तोंडात घातली नाही.

मामाजी १९५८च्या माघात वारले. यजमान गेल्या वर्षी, चैत्रात गेले.