घोड्यावरून न उतरलेला वीर

मी कोबिझ बोलतोय. तुमच्या सारंगीचा लांबचा भाऊ समजा. आमूदर्या नदीकाठच्या तुतीच्या लाकडातून मला कोरलं, पोटावर उंटाचं कातडं ताणलं आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या दोन तारा चढवल्या. मी नाकात बोलतो म्हणून पोरं हसतात. हसू देत.

मला उतेबाय उस्तादांनी घडवलं. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी मला आपल्या शिष्याकडे, तोरेमुरातकडे सोपवलं.

आमची गाथा फार जुनी. तिच्यात एका वीराचा अहंकार आणि आत्मा जन्मभर भांडतात. लढाया जिंकून तो घरी येतो, तेव्हा दारात आंधळा बाप उभा असतो. अहंकार म्हणतो, खाली उतरलास तर लहान दिसशील. आत्मा म्हणतो, उतर. शेवटी तो उतरतो आणि बापाच्या पायांशी बसतो. हा भाग उस्ताद शिष्याला सगळ्यात शेवटी, तोंडी शिकवतात. तोरेचा तेवढाच राहिला होता.

तोरेचं नाव झालं. एका लग्नात त्याला मानाचा जरीचा झगा घातला. गाथेआधी आपल्या उस्तादाचं नाव घ्यायची आमच्यात रीत आहे. उस्ताद समोरच बसले होते. तोरेने नाव घेतलंच नाही.

"नाव राहिलं वाटतं, तोरे?" उस्तादांनी नंतर हळूच विचारलं.

"लोक गाथा ऐकायला येतात, उस्ताद. कुणी शिकवली ते विचारायला नाही."

"बरं," म्हणून उस्तादांनी चहा संपवला आणि घरी गेले.

मग सुरू झाला हट्ट. "शेवट हवा असेल तर येईल," असं उस्ताद म्हणत. "त्यांना द्यायचा असेल तर बोलावतील," असं तोरे म्हणे. दोघांची घरं एकाच कालव्यावर. माझा जीव तुटायचा, पण भिंतीवर टांगलेल्याने करायचं काय? हिवाळा संपता संपता उस्ताद गेले. तोरे मातीला गेला, पण उशीर झाला होता.

तोरेने शेवट स्वतःच रचला. त्यात वीर घोड्यावरच राहतो आणि आंधळा बाप लगाम धरून पुढे चालतो. पहिल्यांदा गायला तेव्हा मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. फक्त उस्तादांची बायको, जुमागुल आजी, काठी टेकत पुढे आली.

"अरे तोरे, त्याला घोड्यावरून उतरवायचं राहिलं की."

"आता असंच आहे, आजी. लोकांना हेच आवडतं."

"आणि तुला?"

तो माझ्या तारा सैल करायला लागला.

आजीही आता नाही. नवी पोरं हाच शेवट पाठ करतात, खरा कुणी विचारत नाही. उस्ताद गात तेव्हा त्या ओळींना साथ मीच केली होती. सूर अजून माझ्या पोटात आहेत. दर लग्नात तो प्रसंग जवळ आला की वाटतं, आज तरी उतरवावं त्याला. पण मला वाजवायचा गज तोरेच्या हातात आहे.