अकरा सेकंद

दिग्दर्शक घरी आला तेव्हाच माझ्या डोक्यात गेला. बसायच्या आधी टेपची चौकशी!

तरुणपणी आमच्या गावातल्या रॉक रेडिओवर मी रेकॉर्डी लावायचे आणि ताई माइकवर बोलायची. गाणं सुरू झालं की ती नुसत्या गिटारवर बोलायची आणि गायकाने तोंड उघडलं की गप्प. आमच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात त्यासाठी अकरा सेकंद मिळायचे. ताईने कधी अर्धा शब्द जास्त घेतला नाही. पुढे तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज कायमचा गेला. आता पाटीवर लिहिते. त्या गाण्याची रेकॉर्ड तर कधीच फुटली. उरली एक टेप, त्यात ते गाणं आणि ताईचा आवाज.

"हलकाफुलका सिनेमा आहे," दिग्दर्शक म्हणाला. "तुमचंच स्टेशन, तोच काळ, ते वाढलेले केस, ती गाणी. पाच अवली निवेदक!"

"पाचही पुरुष? मग ताई कुठाय?"

"आहे की! चहा आणते. धमाल पात्र आहे."

माझं टाळकंच सटकलं. "चुलीत घाला तुमची धमाल! हिच्या जिवावर स्टेशन चाललं, आणि हिच्या हातात ट्रे देताय?"

मी त्याला दार दाखवणार, तेवढ्यात ताईने पाटी वर केली. 'दे त्याला. मोठ्या थिएटरात एकदा माझा आवाज ऐकायचाय.'

"गाण्याची सुरुवात आहे तशी राहील," मी बजावलं. "हिच्या आवाजासकट."

"आईशप्पथ," तो म्हणाला. मेल्याची जीभ झडली नाही. मी कॉपी काढून दिली.

पहिल्या खेळाला ताई नवा कोट घालून बसली. पडद्यावर चहावाली तीनदा धडपडली, लोक खिदळले. ताई ढिम्म. मग ती गिटार सुरू झाली. ताईने माझा हात धरला आणि बोटाने मनगटावर सेकंद मोजायला लागली. एक, दोन... आणि तो केसाळ हिरो बोलायला लागला. शब्द न् शब्द ताईचा, आवाज त्याचा. ताईला पुसायला त्यांनी गिटारसुद्धा नव्याने वाजवून घेतली होती.

मी उठणार होते. ताई हात सोडेना, मोजतच राहिली. अकराला तिचं बोट थांबलं. हिरो मात्र गायकाच्या ओळीवर खुशाल बडबडत होता.

बाहेर दिग्दर्शक कौतुक झेलत उभा होता. "काय मावशी, साउंडट्रॅक कसा वाटला?"

"खोटारड्या, शपथ कुठे गेली तुझी?"

"हिरोलाच ते संवाद हवे होते हो. लोक हसले ना, मग झालं!"

ताईने मला बाजूला सारलं. वाटलं, आता शिव्या लिहील. तिने पाटी त्याच्या नाकासमोर धरली. 'दोन सेकंद जास्त बोलला.'

"कुणाच्या लक्षात येतंय, बाई?"

ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. जुनी सवय. नुसती हवा आली. त्याला वाटलं ती हसतेय, म्हणून तोही हसला.

मग मी त्याच्या कानाखाली आवाज काढला.